नॉर्वेजियन नावं मराठीत कशी लिहावीत

2023 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या नॉर्वेच्या लेखकाचं नाव आहे युन फॉस्से. इंग्रजीच्या वळणाने वाचलं की त्यांचा 'जॉन फॉस' होतो. म्हणून पहिलं पथ्य हेच, की इंग्रजी उच्चार मध्ये येऊ न देता मूळ नावावरून थेट देवनागरीत यायचं.

आधी अक्षरं ओळखा. 'जे' म्हणजे 'य'. त्याच्या आधीचा 'एच' गप्प राहतो, म्हणून याल्मार. 'ओ'चा पुष्कळदा 'उ' किंवा 'ऊ' होतो, जसं ऊले. डोक्यावर गोल असलेला 'ए' म्हणजे बहुधा लांब 'ओ'. आडनावांत तो जुन्या पद्धतीने दोन 'ए' जोडूनही लिहितात, त्यामुळे फुटबॉलपटू हालांड खरा होलान. आडवी रेघ मारलेल्या 'ओ'साठी ओठ 'ओ'सारखे गोल करून मराठी 'ए' म्हणावं लागतं. मराठीत त्याला अक्षर नाही, 'ओ'वर भागवा. 'ई'पुढे 'आर' आला की मात्र आपला ॲ कामी येतो: ॲर्लिंग, बॅर्गन.

मग न उच्चारले जाणारे 'डी' गाळा. 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेले ते रूआल आमुनसेन, आणि 1928 च्या नोबेलच्या मानकरी सिग्री उन्सेत. पण संगीतकार ग्रिग यांच्या 'एदवार्ड'मधला शेवटचा 'डी' ऐकू येतो, तेव्हा डोळे मिटून नियम लावू नका. 'आय'आधीचा 'एसके' म्हणजे 'श'. नाटककार इब्सेन 1828 मध्ये जन्मले ते गाव शेएन.

आता सगळ्यात सुंदर भाग. नॉर्वेजियन 'टी' दंत्य आहे, म्हणून क्नूत. पण ओस्लोकडच्या बोलीत 'आर'ला चिकटलेला 'टी' मूर्धन्य होतो, आपल्या 'ट'सारखा. 'एन'चा तसाच 'ण' होतो आणि 'एस'चा 'ष'. इंग्रजीला न जमणारा हा भेद आपण लहानपणीच गिरवलेला असतो! तरी मोह आवरा. बॅर्गनकडे 'र' घशातून येतो आणि हे मूर्धन्य वर्ण तिथे होतच नाहीत. शिवाय 'लार्स'चं 'लाष' केलं तर मराठी वाचक दचकेल. 'र' राखा, पुढे 'ट' लिहा: मार्टिन. तसंच ब्योर्नसॉन. 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने मराठी रंगभूमीवर आणलेलं तिचं पहिलं नाटक याच लेखकाच्या नाटकावर बेतलेलं होतं.

रुळलेली नावं मोडू नका. तिथे 'उस्लु' म्हणत असले तरी मराठीत ओस्लोच.

माणूस हयात असेल तर त्याच्या तोंडून नाव ऐका, मुलाखतीची ध्वनिफीत सहज मिळते. घरचा उच्चार नियमाहून वेगळा निघाला तर घरचाच धरा. अनुवाद मोठा असेल तर पहिल्या दिवसापासून नावांची वही ठेवा: डावीकडे मूळ वर्ण, उजवीकडे ठरवलेलं मराठी रूप. पहिल्या प्रकरणातला श्येतिल दहाव्या प्रकरणात केतिल झाला, तर वाचक त्याला नवं पात्र समजेल.