विंडोज ११: अपग्रेड की कोरं इन्स्टॉलेशन?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लॅपटॉप ११ वर नेला. आधी अपग्रेडच केलं. फाइली, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. पण जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हरही सोबत आला आणि प्रिंट रांगेतच अडकू लागली. स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) बंद करून रांग साफ केली, तरी तेच रडगाणं.

मग कोरं इन्स्टॉलेशन, म्हणजे जुनं विंडोज पुसून नव्याने टाकणं: बॅकअप घेऊन विंडोज ११ च्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू (बूट) केला, ‘कस्टम’ निवडून सी पार्टिशन (डिस्कचा विंडोज असलेला भाग) डिलीट केलं आणि त्याच रिकाम्या जागेत इन्स्टॉल केलं. डी ड्राइव्हला हातही लावला नाही. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.) प्रॉडक्ट की विचारली तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ दाबलं, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने नेट लावताच ॲक्टिव्हेट झालं. प्रोग्रॅम परत टाकण्यात अख्खा रविवार गेला, पण प्रिंट पहिल्या फटक्यात निघाली. बहिणीच्या लॅपटॉपची काही कुरकुर नव्हती, तिथे अपग्रेडच ठेवलं.