ट्रान्सफॉर्म: एंटर दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर

संगणकावर काढलेल्या चित्रातला डोळा थोडा मोठा केला, एंटर. जरासा फिरवला, एंटर. खाली सरकवून पुन्हा मोठा केला, पुन्हा एंटर. एवढ्यानेच रेषेची धार जाते आणि कडा पुसट दिसू लागतात. दोष ब्रशचा नसतो, मधल्या एंटरांचा असतो.

चित्राचा भाग मोठा-लहान करणं, फिरवणं, सरकवणं म्हणजे ट्रान्सफॉर्म. त्याची चौकट आणि हँडल (चौकटीवरचे ओढायचे बिंदू) दिसत असतात तोवर कॅनव्हासवर दिसतो तो फक्त प्रिव्ह्यू. मूळ पिक्सेल शाबूत असतात आणि तुम्ही केलेला प्रत्येक बदल त्यांच्यावरूनच मोजला जातो. एंटर दाबला की हिशेब करून काढलेले नवे पिक्सेल लेअरवर (चित्राच्या थरावर) बसतात, आणि पुढचा ट्रान्सफॉर्म त्या नव्या पिक्सेलवरून सुरू होतो. 1000 × 1000 पिक्सेलचं चित्र 40 टक्क्यांवर आणून एंटर दाबलंत, तर 10 लाखांपैकी 1 लाख 60 हजार पिक्सेल उरतात. नंतर ते 250 टक्के केलंत की आकार परत मिळतो, तपशील मिळत नाही. हेच एंटर न दाबता 40 वर नेऊन 100 वर परत आणलंत, तर काहीच बिघडत नाही. बरोबर 90 किंवा 180 अंशांत फिरवणं, आडवं-उभं उलटवणं आणि पूर्ण पिक्सेलच्या मापात सरकवणं यांत नुकसान होत नाही. 3 अंशांचा तिरपेपणा किंवा अर्ध्या पिक्सेलची सरक मात्र कडा मऊ करते.

म्हणून मोठं करणं, फिरवणं आणि जागेवर बसवणं हे सगळं एकाच चौकटीत उरका. सुरुवातीला लेअर योग्य आहे ना आणि एखादं जुनं सिलेक्शन (निवडलेला भाग) चालू राहिलं नाही ना, हे पाहा. सिलेक्शन राहिलं असेल तर तेवढाच तुकडा हलतो आणि मागे कडेला पुसट पिक्सेलची रेघ उरते. मग फोटोशॉप, क्रिटा किंवा क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रकामाच्या ॲपमध्ये कंट्रोल+टी दाबा. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. जिंपमध्ये एकत्रित ट्रान्सफॉर्मसाठी शिफ्ट+टी. आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्ये वरच्या पट्टीतलं बाणाचं चिन्ह. बदल पसंत पडले की एकदाच एंटर.

चौकट उघडी असताना मागे येण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. कंट्रोल+झेड शेवटचं हँडल ओढणं तेवढं मागे घेतं. एस्केप मात्र चौकट उघडल्यापासूनचं सगळं टाकून देतो, तेही न विचारता. दहा मिनिटं पर्स्पेक्टिव्ह जुळवल्यावर फक्त शेवटची ओढ चुकली असेल, तर हात एस्केपकडे जाऊ देऊ नका. प्रोक्रिएटमध्ये दोन बोटांचा टॅप मागे नेतो, आणि रीसेट सगळं मूळ जागी आणतं.

एंटरनंतर परिस्थिती पालटते. आता एका कंट्रोल+झेडने अख्खा ट्रान्सफॉर्म एक पायरी म्हणून मागे जातो; आतल्या बारीक पायऱ्या संपलेल्या असतात. निकाल थोडासाच चुकलाय असं दिसलं, तर त्यावर दुसरा ट्रान्सफॉर्म चढवू नका. आधी अन्डू करा (कंट्रोल+झेडने मागे या) आणि पुन्हा एकदाच नीट बसवा. क्रिटात एवढेही कष्ट नाहीत: लगेच पुन्हा ट्रान्सफॉर्म टूल सुरू केलं, तर ते शक्यतो मागचाच ट्रान्सफॉर्म हँडलसकट परत उघडतं. तो नको असेल, नवीन सुरू करायचा असेल, तर एस्केप. मध्ये इतर काम केलंत तर ही सोय मिळेलच असं नाही.

अन्डूलाही मर्यादा असते. फोटोशॉपमध्ये मुळात 50 पायऱ्या असतात आणि ब्रशचा प्रत्येक फटकारा एक पायरी खातो, म्हणजे केस रंगवायला घेतले की मघाचा ट्रान्सफॉर्म काही मिनिटांत हाताबाहेर जातो. सेटिंगमधल्या परफॉर्मन्स विभागात हा आकडा वाढवता येतो, पण मेमरी जास्त लागते. प्रोक्रिएट 250 पायऱ्या धरतं, पण गॅलरीत गेलात की सगळ्या पुसल्या जातात. आणि अन्डू करून मागे गेल्यावर चुकून एक ठिपका जरी पडला, तरी रीडूची (पुन्हा पुढे जाण्याची) वाट बंद होते. मागे जाऊन नुसतं पाहायचं असेल तर पेन टॅब्लेटपासून दूर धरा.

न मागता झालेला कमिट, म्हणजे एंटर न दाबताच ट्रान्सफॉर्म पक्का होणं, हा वेगळा ताप. फोटोशॉपच्या 2019 पासूनच्या आवृत्त्यांत चौकटीबाहेर क्लिक केलं किंवा दुसरं टूल निवडलं तरी ट्रान्सफॉर्म पक्का होतो. प्रोक्रिएटमध्येही दुसऱ्या टूलला हात लावला की तसंच, शिवाय कॅनव्हासबाहेर गेलेला भाग कापला जातो. तो नंतर आत ओढायला शिल्लकच नसतो. उलट, मेन्यूतले पर्याय फिके पडून काहीच चालेनासं झालं, तर बहुतेक वेळा एखादी चौकट उघडी राहिलेली असते. एंटर किंवा एस्केप दाबून ती मिटवा.

निर्णय अजून पक्का झाला नसेल तेव्हा ट्रान्सफॉर्म पक्का करूच नका. क्रिटात लेअरवर ट्रान्सफॉर्म मास्क लावा आणि मास्क निवडून ट्रान्सफॉर्म करा. मूळ लेअर जसाच्या तसा राहतो आणि मास्क केव्हाही बदलता येतो. फोटोशॉपमध्ये हेच काम स्मार्ट ऑब्जेक्ट करतं, मात्र त्यावर थेट ब्रश चालत नाही. प्रोक्रिएटमध्ये लेअरची प्रत करून मूळ प्रत लपवून ठेवणं हाच साधा उपाय.

एंटरआधी इंटरपोलेशनही, म्हणजे नवे पिक्सेल मोजण्याची पद्धत, एकदा बघा. रंगकामाला बायक्युबिक चालतं. पिक्सेल आर्टला (एकेक पिक्सेल भरून काढलेल्या चित्राला) निअरेस्ट नेबर हवं, क्रिटात त्याच कामाला बॉक्स. हे विसरलात तर टोकदार चौकोनांच्या कडेला अर्धवट रंगाचे पिक्सेल येतात, आणि ते हाताने पुसत बसण्यापेक्षा अन्डू करून ही पद्धत बदलणं कितीतरी लवकर होतं.