अर्धवट सोडलेली पद्मिनी घेताय? मग आधी ताडपत्री अंथरा

कुणीतरी उघडून तशीच सोडलेली प्रीमियर पद्मिनी स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायची असेल तर मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा, काम नेमकं कुठे थांबलं? बऱ्याचदा गाडीत मोठं काही बिघडलेलंच नसतं, हौसेने सगळी एकदम खोललेली असते, मग पैसे संपतात नाहीतर मेकॅनिक गायब होतो आणि कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही.

माझी अशीच एका शेडमध्ये होती, तेलाच्या डब्यात कार्बोरेटर, पेपरात गुंडाळलेली दाराची हँडलं आणि एका गोणीत तीन वेगवेगळ्या गाड्यांचे बोल्ट. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी ताडपत्री अंथरून एकेक पार्ट मांडा, फोटो काढा, काय नाहीये ते लिहून काढा. इंजिनचं सामान मिळून जातं, कारण मुंबईत ही गाडी काळीपिवळी टॅक्सी म्हणून थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुन्या पार्टच्या बाजारात, चक्कर मारली तरी बरंच हाती लागतं. पण क्रोमच्या पट्ट्या, मीटर, टेललाइटच्या काचा हे गेलं असेल तर शोधत बसाल, त्यामुळे भाव यावरच पाडा.

कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा, मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, परराज्यातली असेल तर एनओसी. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली जुनी डिलाइट किंवा प्रेसिडेंट (पद्मिनीचीच आधीची नावं) असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते.

आता इंजिन. जाम आहे म्हणून लगेच खोलू नका! चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, चार-पाच दिवस तसंच राहू द्या, मग पुलीच्या नटाला पाना लावून अगदी हलक्या हाताने पुढे-मागे करा, जोर लावलात तर पिस्टनच्या रिंगा तुटतील. माझं सहाव्या दिवशी कटकन सुटलं आणि प्लगच्या भोकातून काळं तेल वर आलं, तो आवाज अजून कानात आहे. फिरायला लागलं की टाकी उतरवून धुवा, जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगी पाडणारे) घासून घ्या, प्लगच्या वायरी १-३-४-२ या सिलिंडरच्या फायरिंगच्या क्रमाने लावा आणि मगच स्टार्टर मारा.

चालू झाली तरी रस्त्यावर काढू नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर (चाकात ब्रेक दाबणारे) गंजून बसतात, रबर किट आणि होज पाइप सरसकट नवे टाका, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

पत्र्याचं म्हणाल तर या गाडीला वेगळी फ्रेम नाही, सगळा भार बॉडीवरच. दाराखालच्या पत्र्यावर चुंबक फिरवा, चिकटत नसेल तर आत लांबी (पुट्टी) भरलीय समजा. तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि वेल्डिंग चालू असताना दारं बसवलेली ठेवा, नाहीतर नंतर दरवाजे लागत नाहीत. रंग अगदी शेवटी, गाडी महिनाभर चालवून सगळे लीकेज बंद झाल्यावर.