कार्बनच्या किमतीचा हिशेब: सीमाभागातील उद्योजकांनी या चुका टाळाव्यात

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत आणि हद्दीपलीकडच्या शिनोळीत ज्यांच्या फाउंड्री आहेत, त्यांच्या बोलण्यात ‘युरोपचा कार्बन टॅक्स’ आता नेहमीचा झाला आहे. युरोपीय महासंघाच्या सीबॅम या यंत्रणेचा (बाहेरून येणाऱ्या मालातील कार्बन उत्सर्जनाचे पैसे ती तेथील आयातदाराकडून घेते) केवळ माहिती भरून देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला. १ जानेवारी २०२६ पासून तेथे उतरणाऱ्या मालावर प्रत्यक्ष पैशांची जबाबदारी लागू झाली. भारतातही ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीच्या आधारे कार्बन क्रेडिट व्यापार योजना उभी राहत आहे. या कायद्यांचा खर्च मांडताना होणाऱ्या चुका आकडेमोडीच्या कमी आणि समजुतीच्या जास्त असतात. कोणता पैसा खरोखर खर्ची पडतो, कोणता एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो आणि बिल कोणाच्या नावावर निघते, हे वेगळे न केल्यामुळे काही जण विनाकारण घाबरतात, तर काही जण विनाकारण निश्चिंत राहतात.

जमा होणारा महसूल म्हणजेच खर्च, असे धरणे

या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील प्रतिनिधिगृहाने २६ जून २००९ रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी कार्बनला किंमत लावणारे वॅक्समन-मार्की विधेयक मंजूर केले. सिनेटमध्ये मात्र ते कधीच मंजूर झाले नाही. त्या वर्षीच्या वादात विरोधकांनी असा प्रचार केला होता की अशा कायद्यामुळे प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ३,१०० डॉलरहून अधिक भुर्दंड पडेल. हा आकडा एमआयटीच्या एका अभ्यासातील ३६६ अब्ज डॉलर महसुलाला ११ कोटी ७० लाख कुटुंबांनी भागून काढलेला होता. अभ्यास करणाऱ्यांपैकी अर्थतज्ज्ञ जॉन रायली यांनीच त्यावर जाहीर हरकत घेतली, कारण गोळा झालेला महसूल कोणत्या ना कोणत्या वाटेने लोकांकडे परत येणार होता आणि त्याला खर्च म्हणणे चुकीचे होते. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने परतीचा पैसा वजा करून काढलेला अंदाज २०२० साली सरासरी कुटुंबामागे सुमारे १७५ डॉलर इतका होता, आणि सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील कुटुंबांना तर वर्षाला ४० डॉलरचा फायदाच होईल असे त्यात म्हटले होते. समाजाच्या दृष्टीने खरा खर्च म्हणजे उत्सर्जन कमी करण्यासाठी बदलावी लागणारी यंत्रे, महाग पडणारे इंधन आणि त्यामुळे घटणारे उत्पादन.

मात्र याच्या उलट टोकाची चूकही तितकीच वाईट आहे. पैसा परत येईलच असे कोणताही सिद्धांत हमीने सांगत नाही. ते कायद्यात लिहिलेले असावे लागते. आपल्याकडे कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. तो स्वच्छ ऊर्जेसाठी आहे असे सांगितले गेले होते. जीएसटी आल्यावर त्याच दराची वसुली राज्यांच्या भरपाईकडे वळली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती रद्द करून कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. एका युनिट विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे हा उपकर युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास होता. इतकी वर्षे आपण कार्बनची एक किंमत मोजत होतो, तिला कोणी कार्बनची किंमत म्हटले नाही एवढेच.

‘पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्के’ हा गैरसमज

कारखानदाराला सर्वांत महाग पडू शकणारी चूक हीच आहे. युरोपातील कारखान्यांना आजवर उत्सर्जनाचे जे परवाने (एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड) फुकट मिळत आले, ते सीबॅमच्या जोडीने टप्प्याटप्प्याने काढून घेतले जाणार आहेत: २०२६ मध्ये २.५ टक्के, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०३० मध्ये ४८.५ आणि २०३४ मध्ये पूर्ण १०० टक्के. हे वाचून सर्रास असा अर्थ काढला जातो की २०२६ मध्ये मालातील कार्बनच्या अडीच टक्क्यांवरच पैसे भरायचे आहेत. नियम तसा नाही. आयातदाराला वजावट मिळते ती बेंचमार्कच्या ९७.५ टक्क्यांइतकी, आणि बेंचमार्क, म्हणजे टनभर मालामागचे मानक उत्सर्जन, ठरतो तो युरोपातील सर्वाधिक कार्यक्षम कारखान्यांवरून. त्यापलीकडचे सगळे उत्सर्जन पहिल्याच वर्षापासून पूर्ण भावाने मोजले जाते.

हिशेब समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. बेंचमार्क टनाला १ टन कार्बन डायऑक्साइड, आपल्या मालाचे उत्सर्जन १.६ टन आणि परवान्याचा भाव ७५ युरो. अडीच टक्क्यांच्या समजुतीने टनामागे बिल येते ३ युरो. नियमाप्रमाणे १.६ मधून ०.९७५ वजा करून उरतात ०.६२५ टन, म्हणजे सुमारे ४७ युरो. तोच माल २०३० मध्ये पाठवला आणि काहीच सुधारणा केली नाही, तर बिल ८१ युरोंवर जाते. याउलट उत्सर्जन १.१ टनांवर आणले, तर २०२६ चे बिल साडेनऊ युरोंच्या आत राहते. सुधारणेचा मोबदला सरासरीत दिसत नाही, तो बेंचमार्कच्या वर उरलेल्या शेवटच्या तुकड्यात दिसतो. म्हणून भट्टी बदलायची की नाही याचा निर्णय एकूण उत्सर्जनाकडे पाहून करू नये.

उत्सर्जनाची स्वतःची पडताळलेली माहिती दिली नाही, तर आयातदाराला ठोकळ आकडे वापरावे लागतात आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात. ‘आमचा कारखाना लहान, एवढी कागदपत्रे कोण ठेवणार’ असे म्हणणाऱ्याने या चढ्या आकड्यांचे बिल एकदा कागदावर मांडून पाहावे.

विजेचा आणि भट्टीचा गोंधळ

लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत सीबॅममध्ये सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजले जाते, वीज मोजली जात नाही. सिमेंट आणि खते यांची मात्र वीजही मोजली जाते. हे ठाऊक नसल्यामुळे विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसवाले आपल्या विजेच्या बिलाला घाबरतात आणि कोकवर चालणाऱ्या कपोला भट्टीवाले बिनधास्त राहतात, जे नेमके उलट असायला हवे. कपोलात जळणाऱ्या प्रत्येक किलो कोकमागे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड थेट निघतो. त्याहून मोठी बाब चार्जची, म्हणजे भट्टीत वितळवायला टाकलेल्या धातूची: भंगाराचे उत्सर्जन शून्य धरले जाते, पण विकत घेतलेले पिग आयर्न (ब्लास्ट फर्नेसमध्ये बनलेले कच्चे लोखंड) आपल्याबरोबर ब्लास्ट फर्नेसचे सगळे उत्सर्जन घेऊन येते. त्यामुळे चार्जमध्ये पिग आयर्न किती आणि भंगार किती, याची नोंद ठेवणे विजेच्या मीटरइतकेच महत्त्वाचे आहे, आणि पुरवठादाराकडून त्याच्या उत्सर्जनाचा आकडा लेखी मागून घेतला पाहिजे.

युरोपातील काही ग्राहक सीबॅमच्या बाहेर जाऊन मालाचा संपूर्ण कार्बन हिशेब मागतात. तेथे वीज येते. अशा वेळी कर्नाटकात पवन आणि सौर ऊर्जा भरपूर, म्हणून तिथल्या हेस्कॉम या वीज कंपनीची वीज महावितरणपेक्षा स्वच्छ, असे गृहीत धरून कमी आकडा टाकण्याचा मोह होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण मात्र संपूर्ण देशाच्या ग्रिडसाठी उत्सर्जनाचा एकच गुणांक जाहीर करते आणि तो मेगावॉट-तासाला सुमारे ०.७ टन कार्बन डायऑक्साइड आहे. मच्छेचा कारखाना आणि शिनोळीचा कारखाना या हिशेबात सारखेच.

यादी न वाचता निष्कर्ष काढणे

पाइप फिटिंग, नट आणि बोल्ट सध्याच्या यादीत आहेत. पंप, इंजिन किंवा वाहनाचा सुटा भाग म्हणून सीमाशुल्क यादीच्या ८४ आणि ८७ व्या प्रकरणात मोडणारे कास्टिंग नाही. ॲल्युमिनियमची यादी धातूपासून सुरू होते, त्यामुळे बेळगावात हिंडाल्को बनवते तो ॲल्युमिना तिच्यात येत नाही. वर्षाला ५० टनांपर्यंतची सूट ही आयातदाराच्या एकूण आयातीवर आहे, पाठवणाऱ्याच्या मालावर नव्हे. तुम्ही ४० टन पाठवले आणि तुमच्या ग्राहकाने इतर ठिकाणांहून आणखी शेकडो टन घेतले, तर तुम्हाला सूट नाही.

देशी योजनेतील वजावट गृहीत धरणे

मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा होते हे खरे, पण प्रत्यक्ष भरलेलीच. आपली योजना एकूण उत्सर्जनावर कर लावत नाही. ती उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे उत्सर्जनाचे लक्ष्य ठरवते, लक्ष्याहून कमी उत्सर्जन करणाऱ्याला क्रेडिट देते आणि चुकणाऱ्याला ते विकत घ्यायला लावते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली लक्ष्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या क्षेत्रांतील नेमून दिलेल्या कारखान्यांसाठी अधिसूचित झाली. उद्यमबागेतील लहान फाउंड्री त्यात नाही, म्हणजे तिच्याकडे वजा करायला काही नाही.

वाढलेला दर सगळ्यांपर्यंत पोहोचतो असे मानणे

पुस्तकी मांडणीत कार्बनची किंमत वाढली की वीज महागते आणि लोक वापर कमी करतात. सीमाभागात ही साखळी मध्येच तुटते. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वापराला २०० युनिटपर्यंत बिल येत नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना तीच सवलत दिली. अशा ठिकाणी कोळशावरील कोणतीही नवी किंमत खानापूरच्या शेतकऱ्याला किंवा निपाणीच्या घराला जाणवणार नाही; ती राज्याच्या तिजोरीवर आणि पूर्ण दराने वीज घेणाऱ्या कारखान्यांवर पडेल. घरांवरील सरासरी बोजा काढून समाधान मानणाऱ्या अहवालांत हा तपशील हरवतो. बगॅसवर वीज करून ग्रिडला विकणाऱ्या साखर कारखान्यांना मात्र कोळशाची वीज महागल्यास चार पैसे अधिक मिळण्याची शक्यता आहे, कारण उसाच्या चिपाडातून निघणारा कार्बन अशा हिशेबांत शून्य धरतात.

बिलाची वेळ न पाहणे

२०२६ मध्ये पाठवलेल्या मालाच्या उत्सर्जनापोटी आयातदाराने घ्यायच्या सीबॅम प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ मध्ये सुरू होते आणि आयातदाराचे पहिले वार्षिक विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत भरायचे आहे. म्हणजे माल जातो, पैसे मिळतात, आणि कार्बनचा नेमका आकडा नंतर कळतो. या वर्षीचे दरपत्रक देताना बोजा कोण उचलणार, कोणत्या दिवसाचा भाव धरायचा आणि पडताळणीचे शुल्क कोणी द्यायचे, ही तीन कलमे करारात नसतील, तर युरोपातील ग्राहकाची डेबिट नोट पुढच्या वर्षी येईल आणि तोवर त्या मालावरचा नफा वाटूनही झालेला असेल.