ईआरपी शिकताना: आधी केस, मग मेंदू

मी ईआरपीवर काम करते म्हटलं की आमच्या मामाला अजूनही वाटतं, कंपन्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलेय. आमची ईआरपी म्हणजे इव्हेंट-रिलेटेड पोटेन्शियल: आवाज, शब्द, चित्र अशा एखाद्या घटनेनंतर मेंदूत उठणारी विजेची बारीक लाट. शेवटी त्याला समजवायला बेरा चाचणीचा आधार घेतला. त्याच्या नातवाची ती झाली होती. झोपलेल्या बाळाच्या कानात टकटक आवाज सोडायचे आणि पहिल्या 10 मिलिसेकंदांत तो संदेश मेंदूच्या देठापर्यंत नीट पोचतो का, हे डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून बघायचं. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं. आवाज पोचला, पण त्याकडे लक्ष गेलं का? तो अपेक्षित होता का? त्याचा अर्थ लागला का? याच्या खुणा साधारण 100 ते 600 मिलिसेकंदांत सापडतात.

मानसशास्त्रात एमए करून प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा सटन आणि सहकाऱ्यांचा 1965चा पी300वरचा (वेगळं किंवा महत्त्वाचं काही आलं की साधारण 300 मिलिसेकंदांनंतर उठणाऱ्या लाटेवरचा) निबंध मला जवळपास पाठ होता. पहिल्या दिवशी मात्र हातात कंगवा आला. आपल्याकडे केसांना तेल लावतात, दाट वेण्या असतात, आणि तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क धड होत नाही. आमच्याकडे रोध, म्हणजे टाळू आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा, 5 किलोओहमच्या खाली आणल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही, असा नियम होता. म्हणून सहभागींना आदल्या दिवशी फोन करून सांगायचं: “ताई, उद्या केस धुऊन या, तेल लावू नका.” त्यातूनही कोणी चंपी करून यायचंच. मग शाम्पू, टॉवेल, ड्रायर, आणि अर्धा तास गेला. इलेक्ट्रोडची टोपी चढवण्याआधी नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं मोजायचं, कारण इलेक्ट्रोडच्या जागा या अंतराच्या 10 आणि 20 टक्क्यांवर ठरतात. ही हमाली कमीपणाची वाटत असेल, तर या क्षेत्रात तुमचं मन रमणार नाही. आणि दुसऱ्याला टोपी घालण्याआधी एकदा स्वतः घालून तासभर बसा. कंटाळा, घाम, पापण्यांची चुळबुळ, सगळं कळतं. मी बसले तेव्हापासून “डोळे मिचकावू नका” म्हणणं सोडलं. तसं सांगितलं की माणूस दुसरा कसलाच विचार करत नाही. त्यापेक्षा दर काही चाचण्यांनंतर (एक आवाज किंवा एक शब्द म्हणजे एक चाचणी) मिचकावायला मोकळी वेळ द्यावी.

मिचकावण्याची एवढी धास्ती का? पी300 असते काही मायक्रोव्होल्टची, फार तर 20ची. पापणी लवली की 100 किंवा त्याहून जास्त. शिवाय मेंदूची आपली अखंड लहर चालूच असते. जत्रेच्या गोंगाटात एक माणूस घंटा वाजल्यावर दर वेळी तेच वाक्य बोलतोय असं समजा. घंटेपासूनचे तुकडे कापून एकावर एक ठेवले तर गोंगाट एकमेकांना खोडतो आणि वाक्य उरतं. ईआरपीची सरासरी म्हणजे एवढंच. फक्त हिशेब महाग पडतो: गोंगाट निम्मा करायचा तर चाचण्या चौपट लागतात.

पण घंटा वाजल्याची नोंद झाली तेव्हाच ती खरंच वाजली, हे कोण बघणार? इथे मी सपशेल आपटले. साधा ऑडबॉल प्रयोग होता: बहुतेक वेळा 1000 हर्ट्‌झचा सूर, अधूनमधून 2000चा, आणि वेगळा सूर मनात मोजायचा. मध्येच हेडफोन बिघडले, मी ब्लूटूथचे जोडले. अकरा जणांचं रेकॉर्डिंग झाल्यावर पी300 बुटकी, पसरट आणि उशिरा येताना दिसली. मी खुशीत, “थकव्याचा परिणाम” म्हणून लिहायलाही बसले. आमच्या सिनियरनं आलेखाकडे बघून एकच विचारलं, “तुझी एन1 कुठेय?” आवाजाची एन1, म्हणजे आवाज ऐकल्यावर येणारी पहिली मोठी ऋण लाट, 100 मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवी. माझी 200च्या जवळ होती. थकव्यानं कान एवढे मंदावत नाहीत. कॉम्प्युटर ट्रिगर, म्हणजे “आवाज आता सोडला” अशी खूण, पाठवत होता, आवाज मागाहून पोचत होता, आणि तोही दर वेळी वेगळ्या उशिरानं. उशीर ठरावीक असता तर वजा करता आला असता. हा सरासरीतच मिसळून गेला होता. अकराही जणांचा डेटा टाकून दिला. आता प्रत्येक प्रयोगाआधी आवाजाची तार थेट अँप्लिफायरच्या एका जादा चॅनलला जोडून उशीर मोजते. पडद्यावरच्या चित्रांसाठी फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर. 60 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर एक फ्रेम चुकली तरी जवळपास 17 मिलिसेकंद गेले.

मला सगळ्यात जास्त मजा आली ती एन400मध्ये. कुटास आणि हिलयार्ड यांनी 1980मध्ये दाखवलं की वाक्यात न जुळणारा शब्द आला, म्हणजे कोणी गरम पावाला मोजे लावले, की 400 मिलिसेकंदांच्या सुमारास ऋण लाट वाढते. मराठीत करायचं म्हणून मी “पोळीला तूप लावलं” आणि “दाराला कुलूप लावलं” अशा जोड्या केल्या. मग अदलाबदल: पोळीला कुलूप, दाराला तूप. तूप आणि कुलूप दोन्ही शब्द दोन्हीकडे येतात, त्यामुळे शब्दाची लांबी किंवा सवय असे फरक निकालात डोकावत नाहीत. आपलं “लावणं” तूप, कुलूप, गजरा, वशिला, काहीही पेलतं, हा आयता फायदा. अशा दीडशे जोड्या जमवायला दोन महिने लागले. निम्म्या आईनं सुचवल्या. एक लक्षात ठेवा, एन400 ही चूक झाल्याचं सांगणारी घंटा नव्हे. ती जवळपास प्रत्येक अर्थपूर्ण शब्दाला येते. शब्द अपेक्षित असला की लहान होते.

टोपी घातलेल्या एका मावशींनी विचारलं होतं, “यातून मनातलं कळतं का गं?” नाही कळत. वयानुसार पी300 उशिरा येते, स्मृतिभ्रंशात आणखी उशिरा. पण हे गटांच्या सरासरीचं बोलणं झालं. एका माणसाच्या एका आलेखावरून निदान करू नये, बुद्धी तर मुळीच मापू नये. पुण्यात 2008मध्ये एका खुनाच्या खटल्यात मेंदूलहरींच्या अशाच एका चाचणीचा अहवाल दोषी ठरवताना धरला गेला होता. असल्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010मध्ये सांगितलं. आपल्या आलेखाचा कोण कसा अर्थ लावेल, याची धास्ती मला तेव्हापासून आहे.

यायचं कुठून? मानसशास्त्र, भाषाविज्ञान, बायोमेडिकल, ऑडिओलॉजी, कुठूनही. अलाहाबाद, हैदराबाद, गांधीनगर इथे संज्ञानविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. गणिताला घाबरू नका, पण पायथन किंवा मॅटलॅबमधलं प्रोग्रॅमिंग टाळता येणार नाही. प्रवेशाची वाट बघत असाल तर ईआरपी कोअर नावाचा मोफत डेटा उतरवा: 40 तरुण माणसं, सहा छोटे प्रयोग. सरासरी काढण्याआधी एका माणसाचा कच्चा ईईजी (डोक्यावरून टिपलेल्या मेंदूलहरींचा आलेख) उघडा आणि पापण्या कुठे लवल्या ते नुसत्या डोळ्यांनी शोधा. मला पहिल्या दिवशी तीन तास लागले होते.