माशाच्या अंगावर नक्की काय आहे? औषध ओतण्याआधी या चुका टाळा

सांगोल्याकडचा डाळिंबवाला फळावर डाग दिसला की आधी बघतो, तेल्या आहे की बुरशी. तेल्या जिवाणूमुळे होतो, नुसत्या बुरशीनाशकाने तो हटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण त्याच्याच शेततळ्यातला रोहू मासा तळाच्या प्लास्टिकच्या कागदाला अंग घासायला लागला, की दुकानातून मिळेल ते आणून पाण्यात ओततो. हे बघून जीव तुटतो. पुन्हा तेच पाणी ठिबकने बागेला जाणार असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेलेला मासा तपासायला नेणं. मासा मेला की अंगावरचे बरेचसे परजीवी सोडून जातात किंवा मरतात. आजारी पण जिवंत मासा घ्या. काचपट्टीवर ठेवायच्या पातळ काचेच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने बुळबुळीत थर खरवडा, तो काचपट्टीवर घ्या, त्यावर त्याच तळ्याच्या पाण्याचा थेंब टाका आणि काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नळाचं पाणी नको. दातेरी चकतीसारखं गोल काही गरगर फिरत असेल तर तो ट्रायकोडिना नावाचा परजीवी. मोठा गोळा सावकाश लोळतोय आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतंय, तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इक.

दुसरी चूक, प्रत्येक पांढरा ठिपका इक समजणं. मिक्सोबोलस या दुसऱ्या परजीवीच्या गाठीही पांढऱ्याच असतात. विणीच्या काळात सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाच्या नराच्या डोक्यावर येणारे खरखरीत दाणे तर आजारच नव्हे. आणि खरोखर इक असला, तरी कातडीखालच्या अवस्थेला पाण्यातलं औषध लागत नाही. म्हणून एका डोसात ठिपके गेले नाहीत, तर निदान चुकलं असं लगेच धरू नका.

माशाची ऊ, म्हणजे अर्ग्युलस, साध्या डोळ्यांनी दिसते: चपटी, पारदर्शक, दोन काळे डोळे. पण जाळ्यात मासा उचलताच ती सुटून पोहत निघून जाते. म्हणून मासा बादलीत घ्या आणि बादलीचं पाणीही बघा. अंडी ती दगड, लाकूड, पाइप अशा टणक जागी घालते. तळ्यात फळ्या सोडून ठेवा, दर आठवड्याला काढून उन्हात कडक वाळवा.

कटला माशाच्या अंगातून दोऱ्यासारखा लटकणारा लर्निया हा परजीवी चिमट्याने हिसकू नका. जहाजाच्या नांगरासारखं त्याचं डोकं आतच तुटून राहतं आणि जखम चिघळते.

समुद्रातल्या पिंजऱ्यांसाठीचा उपाय वाचून तो इथे करणं हीसुद्धा चूकच. तिथे कोबियासारखे मासे काही मिनिटं गोड्या पाण्यात बुडवतात. अंगावरचे पारदर्शक चपटे कृमी त्याने पांढरे पडतात, तेव्हा कुठे नजरेला येतात आणि गळतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या रोहूला त्याचा काय उपयोग? आपल्याकडे याच्या उलट, मिठाच्या पाण्याची आंघोळ चालते, तीही टाकीत. तळ्यात मीठ ओतलं तर डाळिंबाची मुळं भोगतील.

काचेखाली काहीच सापडलं नाही आणि मासे तरी घासतायत? मग तळ्याच्या पाण्यातला पहाटेचा प्राणवायू आणि अमोनिया मोजा.