चित्रकला येत नसताना पहिला आरपीजी: आरपीजी मेकर एमझेड

आरपीजी म्हणजे पात्राची भूमिका घेऊन कथा आणि लढाया खेळायचा गेम. तो बनवण्यासाठी २०२० साली आलेलं आरपीजी मेकर एमझेड हे साधन नवख्यासाठी सोयीचं आहे, कारण गावं, जंगलं, घरांचे आतले भाग, राक्षस आणि संगीत त्याच्यासोबतच मिळतं. पात्रांसाठी कॅरॅक्टर जनरेटर आहे. केस, डोळे, कपडे आणि रंग निवडले की चेहरा, चालतानाचं चित्र आणि लढाईतलं चित्र एकदमच तयार होतं. पहिल्या गेमला एवढं सामान भरपूर झालं. आवाका मात्र आधी ठरवा: एक गाव, एक जंगल, एक गुहा, शेवटी एक मोठा शत्रू. अर्ध्या तासात संपणारा गेम पूर्ण होतो. पन्नास तासांची महागाथा बहुतेक वेळा पहिल्या गावातच अडकते.

नवा नकाशा १७ बाय १३ चौकटींचा येतो, म्हणजे बरोबर एक स्क्रीन. गावाला ३० बाय २५ पुरे. १०० बाय १००चं मैदान आखलं की ते भरता भरता तुम्ही कंटाळता आणि खेळाडू ओसाड गवतातून चालत राहतो. पात्र भिंतीतून आरपार जात असेल, तर डेटाबेसमध्ये टाइलसेट (नकाशाच्या चित्र-चौकटींचा, म्हणजे टाइलींचा संच) उघडून त्या टाइलवर वर्तुळाऐवजी फुली करा. झाडाच्या शेंड्यावर चांदणी ठेवा, म्हणजे त्याच्यामागून जाता येतं.

खरा गेम घडतो तो इव्हेंटमध्ये, म्हणजे नकाशावर ठेवलेल्या माणूस, झुडूप अशा काहीतरी घडवणाऱ्या गोष्टींमध्ये. वैद्यबुवांना गुळवेलीच्या तीन जुड्या हव्या आहेत, एवढंच काम घ्या. डेटाबेसमध्ये 'गुळवेल' ही वस्तू बनवा. जंगलात एक इव्हेंट ठेवा, झुडपाचं चित्र द्या, ट्रिगर (इव्हेंट कशाने सुरू होतो ते) ॲक्शन बटन. त्यात चेंज आयटम्स वापरून गुळवेल १ने वाढवा आणि लगेच सेल्फ स्विच ए (इव्हेंटची चालू-बंद खूण) ऑन करा. दुसरं पान जोडा, त्याची अट सेल्फ स्विच ए, चित्र काहीच नाही. आता हा इव्हेंट आणखी दोनदा कॉपी करा. सेल्फ स्विच प्रत्येक इव्हेंटचा स्वतंत्र असतो. इथे सगळ्या गेमला सामाईक असलेला साधा स्विच वापरलात, तर एक जुडी तोडताच तिन्ही झुडपं गायब होतील.

वैद्यबुवांच्या पहिल्या पानावर आधी मागणीचा संवाद. मग कंट्रोल व्हेरिएबल्समध्ये गेम डेटा निवडून गुळवेलीची संख्या एका व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवायच्या जागेत) घ्या. कंडिशनल ब्रँचला (अट तपासणाऱ्या आज्ञेला) थेट वस्तूची अट लावू नका. ती फक्त 'आहे की नाही' एवढंच बघते, किती आहेत ते मोजत नाही. व्हेरिएबल ३ किंवा जास्त असेल तर ३ जुड्या काढून घ्या, १०० नाणी द्या, सेल्फ स्विच ए ऑन करा. नसेल तर 'अजून हव्यात' असा संवाद. दुसऱ्या पानावर आभाराचे शब्द. त्या पानाला सेल्फ स्विच एची अट द्यायला विसरलात, तर वैद्यबुवा पहिल्या भेटीतच आभार मानतील, कारण अटी पूर्ण झालेल्या पानांपैकी सर्वांत मोठ्या क्रमांकाचं पान चालतं. सुरुवातीच्या प्रसंगासाठी ऑटोरन (आपोआप चालणारा ट्रिगर) लावाल, तेव्हाही शेवटी स्विच ऑन करा आणि त्या अटीचं रिकामं पान जोडा, नाहीतर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालून खेळाडू जागीच अडकतो.

संवाद मराठीत लिहिणार असाल तर एक अडचण हमखास येते. अक्षरं एकेक करून उमटतात, त्यामुळे काना-मात्रा सुट्या पडतात आणि जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> टाका. ओळ एकदम येते आणि अक्षरं नीट जुळतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीची फाइल फॉन्ट्स फोल्डरमध्ये ठेवा आणि सिस्टिम २च्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये तिचं नाव द्या. एका खिडकीत चारच ओळी मावतात आणि ओळ आपोआप मोडत नाही.

लढाईत साध्या हल्ल्याचं सूत्र असं: हल्ला गुणिले ४, वजा शत्रूचा बचाव गुणिले २. हल्ला २० आणि बचाव १० असेल तर नुकसान ६०च्या आसपास. १५० जीवाचा शत्रू साधारण तीन घावांत पडतो. बचाव हल्ल्याच्या दुप्पट झाला की नुकसान शून्य, आणि लढाई संपतच नाही. शत्रू सरासरी ३० पावलांवर भेटतात. छोट्या गुहेत हा आकडा ४०-५० करा.

बाहेरची चित्रं घ्यायची तर एकाच शैलीची घ्या. एमझेडची टाइल ४८ पिक्सेलची. केनी या गेमसाठी मोफत चित्रं देणाऱ्याचे १६ पिक्सेलचे संच बरोबर तिपटीने मोठे होतात, फक्त मोठे करताना 'निअरेस्ट नेबर' (ठिपके धूसर न करणारी पद्धत) निवडा. ३२चे संच दीडपट करावे लागतात आणि ठिपके वेडेवाकडे दिसतात. एकट्या पात्राची फाइल तीन स्तंभ, चार ओळींची (खाली, डावीकडे, उजवीकडे, वर) आणि नावाच्या सुरुवातीला $ हवं; नसेल तर पात्राचा तुकडाच दिसतो. ओपनगेमआर्ट या मोफत चित्रांच्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असतो. चित्र उतरवतानाच चित्रकाराचं नाव, दुवा आणि परवाना एका फाइलमध्ये लिहा, नंतर शोधणं फार जड जातं.

चाचणीत एफ९ दाबलं की सगळे स्विच आणि व्हेरिएबल दिसतात. अडलेलं काम तिथेच सापडतं. ब्राउझरसाठी गेम चढवल्यावर एखादं चित्र सापडत नसेल, तर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तपासा. विंडोजला तो फरक चालतो, वेब सर्व्हरला बहुधा चालत नाही.